आधी गिऱ्हाईक बघ गं!

हे बघ राणी, प्रबंधाला सिएरा लिओन घेतलंस, छान केलंस. पण तुझ्या आराखड्यात ‘कौशल्य प्रशिक्षण’ इतकं पानोपानी आलंय की वाटावं, शिवणयंत्र दिलं की युद्धाची भरपाई झाली. जरा बस, सांगते.

1991 ते 2002 तिथं यादवी पेटली होती. ती मिटताना सत्तर हजारांवर लोकांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यांत मिसरूडही न फुटलेली पोरं होती. त्यांना सुतारकाम, गवंडीकाम, शिवण शिकवलं आणि निघताना अवजारांची पेटी दिली. पुष्कळांनी ती पेटी बाजारात विकून टाकली. लगेच आळशी म्हणू नकोस हं त्यांना. जळून गेलेल्या मुलखात एकदम इतके सुतार तयार झाल्यावर खुर्ची करून घ्यायला पैसे कुणाकडे होते?

पोरांनी वाट काढली ती वेगळीच. बो, केनेमा, मकेनी या गावांत रस्त्यांची दैना, गाड्यांची वानवा, आणि लोकांना तर बाजारहाटाला जायचंच होतं. मग मोटरसायकलवर मागे माणूस बसवायचा आणि भाडं घ्यायचं. ओकाडा म्हणतात त्याला. गाडी बहुतेक वेळा दुसऱ्याची असते. मालकाला रोजचा ठरलेला आकडा द्यायचा, वर उरेल ते आपलं. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखणारे बंडखोर आणि सरकारच्या बाजूनं लढलेले कामाजोर एकाच स्टँडवर गिऱ्हाइकाची वाट बघू लागले. त्यांनी संघटना काढल्या, पोलिसांशी बोलणी करू लागले. बेदरकार चालवतात म्हणून गावानं नावंही ठेवली, आणि तेही काही खोटं नव्हतं.

शेतीकडे का नाही वळले, असं तू विचारशीलच. अगं, तेव्हा खेड्यात जमीन आणि न्यायनिवाडा दोन्ही वडीलधाऱ्या मुखियांच्या हातात. क्षुल्लक कारणावरून दंड, वर फुकटची राबणूक. त्याच जाचाला कंटाळून कित्येक जण गाव सोडून गेले होते. 2004 च्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालानंही तरुणांची ही कोंडी युद्धाच्या कारणांत धरलीय. तो अहवाल तेवढा नीट वाच.

आणि आर्थिक वाढीच्या आकड्यांना भुलू नकोस. लोहखनिजाच्या जोरावर 2013 मध्ये वाढ वीस टक्क्यांच्या घरात गेली. 2015 मध्ये खनिजाचे भाव कोसळलेले आणि इबोलाची साथ, तेव्हा जवळजवळ तेवढीच घसरण झाली. खाणीत यंत्रं राबतात, हात कमीच लागतात.

एक गोष्ट मात्र मला सलते. त्या प्रशिक्षणाच्या नावनोंदणीला बहुतेक वेळा बंदूक दाखवावी लागायची. पळवून नेलेल्या, ओझी वाहिलेल्या, बळजबरीनं कुणाची बायको होऊन राहिलेल्या मुलींच्या हाती बंदूक कुठली असणार? बहुतेक जणी यादीत आल्याच नाहीत. पुढं ओकाडाच्या स्टँडवरही पोरंच पोरं. तुझ्या आराखड्यात त्या मुलींना एक ओळसुद्धा नाही, हे मला पटलेलं नाही.

तेव्हा आराखडा पुन्हा लिहायला घे. किती जणांना शिकवलं हा आकडा मागे जाऊ दे. शिकलेल्याच्या कामाला पैसे कोण मोजणार आणि मुली कुठं गेल्या, हे आधी लिही. रविवारपर्यंत पाठव, मी वाचून ठेवते.