जिम लावताय? पहिली पावती एकाच महिन्याची

चार वर्षांपूर्वी मी एका चकचकीत जिमची वर्षाची फी एकरकमी भरली, १८,००० रुपये. गेलो एकूण ४१ दिवस. म्हणजे दर खेपेला ४३९ रुपये पडले, तेही घाम माझाच गाळून. मधे पाठ धरली तेव्हा मेंबरशिप फ्रीझ करायला गेलो. भरताना काउंटरवर 'होतं की सर' म्हणाले होते, पावतीवर मात्र 'फी परत मिळणार नाही' एवढंच छापलेलं. त्यामुळे आता कोणी विचारलं की पहिलं हेच सांगतो: तीन महिने दरमहा भरा. वर्षाच्या हिशोबाने ते महाग पडतं, पण सुटलेल्या जिमपेक्षा स्वस्तच.

पुण्यात मी नुकतीच चौकशी केली. गल्लीतल्या साध्या जिमला महिना ८०० ते १,५०० रुपये, वर प्रवेश फी ५०० च्या आसपास. एसी असलेल्या साखळी जिम महिन्याचं बोलायलाच तयार नसतात. वर्षाचे १५ ते ३० हजार. तालुक्याच्या गावी याहून कमी. जुन्या व्यायामशाळा आणि तालमींची फी अगदी किरकोळ असते, आणि पुष्कळ ठिकाणी रॉड-प्लेटही असतात; आधी तिथे डोकावून या. बागेतली ओपन जिम फुकट आहे, पण तिथल्या यंत्रांवर वजन वाढवता येत नाही, आणि वेट ट्रेनिंगचा सगळा खेळ हळूहळू वजन वाढवण्याचाच आहे.

जिम बघायला सकाळी ११ ला जाऊ नका, तेव्हा सगळ्याच जिम रिकाम्या. संध्याकाळी ७ ला जा. स्क्वॉटचे रॅक किती आणि त्यापुढे उभे किती, ते मोजा. सव्वा किलोच्या प्लेट आहेत का, ते विचारा. नवशिक्याला रॉडच्या दोन्ही बाजूंना मिळून अडीच किलो वाढवायचे असतात. तिथे थेट पाच-पाचच्याच प्लेट असतील तर अडकाल. रॉडचं वजनही विचारून घ्या. ऑलिम्पिक रॉड २० किलोचा असतो, बायकांसाठीचा १५ चा, आणि साधा चार-पाच फुटी रॉड त्याहून बराच हलका. सुरुवात मोकळ्या रॉडनेच करायची आहे, म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

पर्सनल ट्रेनर महिन्याला ५ ते १२ हजार सांगतो. पूर्ण महिना नको. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, रोइंग आणि शोल्डर प्रेस एवढे पाच व्यायाम नीट शिकायला पाच-सहा सेशन पुरतात. तेवढ्याचे पैसे ठरवा. पाठीचं, गुडघ्याचं किंवा बीपीचं दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग रॉड.

घरीच करायचं असेल तर रबरी प्लेट किलोला साधारण ११० ते १६० रुपये. तीस किलो प्लेट, एक रॉड आणि डंबेलची जोडी मिळून सहा हजारांच्या आत बसते. सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेट जवळजवळ निम्म्या किमतीत मिळतात. मी घेतल्या होत्या. रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली तर दहाची प्लेट पावणेनऊ भरली, आणि वर्षभरात चिरून गॅलरीत भुगा सांडला. त्यापेक्षा जुनं लोखंड घ्या, ते नासत नाही. मार्च-एप्रिलमध्ये संकल्प सोडलेल्यांची डंबेल निम्म्या भावात निघतात.

प्रोटीनच्या डब्याची घाई नको. ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत सुमारे २६ ग्रॅम प्रथिनं, खर्च दहाएक रुपये. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, पंधराएक रुपये. व्हेच्या एका चमच्यात २४ ग्रॅम, त्याचे ७० ते १०० रुपये. डबा घ्यायचाच तर त्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक बघा, आणि जिमच्या कपाटातून बिलाशिवाय काहीही घेऊ नका.

बिलावरून आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवर १८ ऐवजी ५ टक्के जीएसटी आहे. जिमची जीएसटी नोंदणीच नसेल तर तो लावताच येत नाही. फ्रीझ, ट्रान्सफर, परतावा यांबद्दल जे तोंडी सांगतील ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो.

पहिल्या महिन्याचा हिशोब असा: फी १,२००, प्रवेश ५००, सपाट तळाचे कॅनव्हास बूट ६००, वजनं आणि सेट लिहायला वही २०. एकूण २,३२० रुपये. काउंटरवर याहून जास्त मागितले तर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणा आणि रॉडकडे वळा.