‘मास’ या शब्दाची दोन कुळे



आपली बरीच मुले आता इंग्रजी माध्यमात शिकतात. विज्ञानाच्या तासाला ‘मास’ म्हणजे वस्तुमान असे त्यांना शिकवतात, बातम्यांत ‘मास मीडिया’ ऐकू येतो आणि रविवारी सकाळी आई हाक मारते, “चला, मासला उशीर होतोय!” हे तिन्ही मास एकच का, असे मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारतात. प्रश्न मोठ्यांनीही विचारावा असा आहे, म्हणून आज त्याचा थोडा अभ्यास करू या.

स्पेलिंग एकच असले तरी हे दोन वेगळे शब्द आहेत. विज्ञानातला मास ग्रीक भाषेतील ‘माझा’ या शब्दापासून आला. माझा म्हणजे जवाच्या पिठाची भाकर, मळलेला गोळा. (आपल्या मराठी ‘माझा’शी त्याचे काही नाते नाही!) लॅटिनमध्ये त्याचे ‘मास्सा’ झाले. गोळ्यावरून वस्तूतील द्रव्याचे मान आणि ढिगावरून लोकांचा मोठा समुदाय, असे अर्थ पुढे निघाले. हा शब्द बायबललाही परका नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात संत पौल खमीर आणि पिठाच्या गोळ्याचा दाखला देतो, तेथे लॅटिन बायबलात गोळ्यासाठी मास्सा हाच शब्द आहे.

चर्चमधला मास मात्र लॅटिन ‘मिस्सा’वरून आला. त्याचे मूळ ‘पाठवणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. मिशन, मिशनरी, एवढेच काय, मिसाईलसुद्धा त्याच कुळातले. आपली मुले होस्टेलवर जेवतात ती ‘मेस’ही त्यातलीच, पानावर पाठवलेला पदार्थ असा तिचा मूळ अर्थ. पोर्तुगीज भाषेतही मिस्साच म्हणतात. तेव्हा आपल्या आजीच्या तोंडचा ‘मिस्सा’ हा शब्द इंग्रजी ‘मास’पेक्षा मुळाशी अधिक जवळ आहे. तो जुना वाटतो म्हणून कोणी लाजू नये.

पण उपासनेला ‘पाठवणी’ असे नाव का पडावे? पूर्वी लॅटिन मिस्साच्या शेवटी फादर म्हणत, “इते, मिस्सा एस्त.” म्हणजे, जा, निरोप झाला आहे. हे शब्द मुळात खास धार्मिकही नव्हते. सुमारे इ. स. ५०० च्या काळात फ्रान्समधील व्हिएनचे बिशप संत अविटस लिहितात की, चर्चमध्ये आणि राजवाड्यातही लोकांना निरोप देताना असेच जाहीर केले जाई. लोकांच्या तोंडी शेवटचा शब्द राहिला आणि तोच सगळ्या उपासनेचे नाव झाला. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत अँब्रोज यांच्या एका पत्रात तो आढळतो.

पुढे पंडितांनी आपापले अर्थ लावले. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात सांगितले की, फादर आपल्या प्रार्थना देवाकडे पाठवतात म्हणून हे नाव. काहींनी हिब्रू शब्दाशी नाते जोडून पाहिले, पण ते टिकले नाही. सेव्हिलचे बिशप संत इसिदोर (निधन ६३६) यांचे स्पष्टीकरण आम्हाला विशेष वाटते. ते निरोपाचा संबंध दीक्षार्थींशी जोडतात. ज्यांचा स्नानसंस्कार अजून व्हायचा असे, त्यांना प्राचीन चर्चमध्ये वाचने व प्रवचनापर्यंतच थांबता येई. नंतर त्यांना बाहेर पाठवीत आणि पुढचा भाग फक्त श्रद्धावंतांसाठी असे. त्या बिचाऱ्यांना थांबायची इच्छा असूनही जावे लागे. आपल्याला शेवटपर्यंत थांबायचा हक्क आहे आणि कम्युनियन घेऊन आपण थेट स्कूटर काढायला जातो! ज्या वाक्यावरून मिस्साला नाव मिळाले, नेमके तेच ऐकायचे राहते.

इंग्रजी सणांच्या नावांतही हा शब्द दडला आहे. ख्रिसमस म्हणजे ख्रिस्ताचा मिस्सा. १ ऑगस्टच्या जुन्या ‘लॅमस’ सणाचे मूळ नाव ‘पावाचा मिस्सा’. नव्या गव्हाचा पाव त्या दिवशी चर्चमध्ये आणीत.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या आपल्या पत्रात या निरोपाचा विचार केला आहे. मूळ अर्थ साधा निरोपच, हे ते मान्य करतात. पण ख्रिस्ती वापरात त्याला कार्यासाठी पाठवण्याचा अर्थ येत गेला, असेही सांगतात. २००८ मध्ये रोमने निरोपाची नवी पर्यायी वाक्येही मंजूर केली. त्यांपैकी एकात सुवार्ता सांगण्यास जाण्याची आज्ञा आहे.

मिस्सा हे नाव पडण्याच्याही आधी ही पाठवणी चालूच होती. सुमारे इ. स. १५५ मध्ये संत जस्टिन यांनी रोममधील रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. उपासनेला जे येऊ शकले नाहीत, त्यांच्यासाठी उपयाजक ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी जात, असे ते लिहितात. आपल्या धर्मग्रामात पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन नेतात ती हीच प्रथा. आपल्या घरी किंवा शेजारी कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर आज मिस्सानंतर त्यांचे नाव सॅक्रिस्टीत द्यावे.