जुन्या बोटमोटरची कॉइल : भरून घ्यावी की बदलावी?

कापडाच्या व्यापाऱ्यांनी बोटीच्या मोटरवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. सबब अशी की, आमचा भाचा अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहतो. तिकडे सरोवरांना तोटा नाही. त्याने हौसेने १९५६ सालची साडेपाच घोड्यांची जॉन्सन आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला अडकवायची मोटर, जुना माल विकणाऱ्याकडून घेतली. विक्रेत्याने दोरी ओढून प्लगची ठिणगीही दाखविली होती. पाण्यात ती वीस मिनिटे झकास चालली, मग एका सिलिंडरवर आली आणि बंद पडली. वारा सुटलेला, बोटीत दोन मुले! वल्ही मारून काठ गाठायला दीड तास लागला. दुसऱ्या दिवशी मोटर पहिल्याच झटक्यात सुरू. दुकानदाराने मीटर लावून कॉइल ठीक असल्याचा निर्वाळा दिला. प्रत्यक्षात खराब होती ती कॉइलच.

हे कसे, ते समजून घेऊ. या मोटरीला बॅटरी नसते. फ्लायव्हीलमध्ये लोहचुंबक असतो आणि त्याच्या खाली लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर कॉइल बसविलेली असते. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. चाक फिरले की जाड तारेत प्रवाह येतो. पॉइंट उघडून तो तुटला की बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब उठतो आणि प्लगवर ठिणगी पडते. हा दाब अडवून धरण्याचे काम कॉइलच्या वेष्टणाचे. फार जुन्या काळी त्यासाठी वार्निश दिलेले केंब्रिक वापरीत, म्हणजे आमच्याच बाजारातले कापड. पुढे प्लॅस्टिक आले, पण १९५० च्या दशकातले ते वेष्टण उष्णतेने आणि ओलीने तडकते. मोटर तापली की तडा उघडतो आणि ठिणगी प्लगकडे न जाता मधेच गाभ्यात उतरते. मीटर तपासतो तो एक-दोन व्होल्टांवर. फाटके पोते रिकामे असताना चांगलेच दिसते, धान्य भरल्यावर गळते, तसेच हे. म्हणून मीटरने तार तुटलेली आहे की नाही एवढेच पाहावे. खरी परीक्षा म्हणजे ठिणगीने सुमारे ६ मिलिमीटरची मोकळी जागा ओलांडली पाहिजे, आणि तीही मोटर तापलेली असताना.

तरीपण लगेच पैसे काढू नयेत. आधी दोन्ही प्लग काढून भोकांवर अंगठा धरावा व दोरी ओढावी. दोन्ही सिलिंडरचा दाब सारखा आणि जोरदार लागला तरच पुढचा खर्च करण्यात अर्थ आहे. मग पॉइंट पाहावेत. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मोटरीच्या पॉइंटवर गंजाचा पापुद्रा धरतो आणि ठिणगी नाहीशी होते. बारीक पॉलिश पेपरने घासून नंतर स्वच्छ कपड्याने पुसावेत. येथे आमचा धंदा उपयोगी पडतो : फ्लॅनेल किंवा टॉवेल वापरू नये, त्याची लव पॉइंटमध्ये अडकते. धुऊन धुऊन खळ गेलेले जुने शर्टिंग उत्तम. पॉइंटची फट या मोटरीत ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवतात. एवढे करूनही संशय राहिला तर दोन सिलिंडरच्या दोन कॉइल एकमेकींच्या जागी बसवाव्यात. त्या एकसारख्याच असतात. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला की निकाल लागला.

कॉइलपर्यंत जाण्यासाठी फ्लायव्हील काढावे लागते. त्यासाठी मधल्या भोकांत बोल्ट बसणारा पुलर वापरावा. कडेला पकडून ओढणारा नको आणि हातोडा तर नकोच. शाफ्टची लहान चावी जपून ठेवावी. नवी कॉइल बसविताना तिच्या गाभ्याची टोके प्लेटवरील घडीव कडांशी सरळ रेषेत आणावीत. टोके बाहेर राहिली तर फ्लायव्हील घासते, आत राहिली तर ठिणगी अशक्त होते. भाच्याची पहिली खटपट येथेच फसली. प्लगची वायर तांब्याच्या तारांची असावी. हल्लीच्या मोटरगाड्यांची कार्बनची नको.

आता व्यापाराची बाजू. जॉन्सन आणि इव्हिनरूड या दोन्ही मोटरी एकाच ओएमसी कंपनीच्या. तिने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वीसेक वर्षे पुष्कळ लहान मोटरींना जवळजवळ एकच मॅग्नेटो लावला. ती कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे नाव चालविणाऱ्या बॉम्बार्डिअर रिक्रिएशनल प्रॉडक्ट्सने (बीआरपी) २०२० मध्ये इव्हिनरूडचे उत्पादनही थांबविले. पण एकच कॉइल एवढ्या मोटरींना चालते म्हटल्यावर गिऱ्हाईक मोठे राहिले, आणि इतर कारखाने आजही ती बनवितात. म्हणून अशी तडकलेली कॉइल लाख किंवा चिकटपट्टी लावून चालविणे म्हणजे पैसा वाचविणे नव्हे. बदलायची तर दोन्ही एकदमच बदलाव्यात, कारण दुसरीचे वयही तेच आहे.

१९२०-३० च्या मोटरींचा मामला वेगळा. त्यांच्या कॉइल तयार मिळणे कठीण. तेथे रिवाइंडिंगच करावे लागते किंवा दुसऱ्या मोटरीची कॉइल जुन्या गाभ्यावर जुळवावी लागते. कारागिराकडे जुनी कॉइल गाभ्यासकट आणि न उकलता पाठवावी. वेढे व तारेची जाडी तो त्यावरूनच मोजतो. काम हातात घेण्यापूर्वी वेष्टण कशाचे करणार आणि तापवून ठिणगी तपासून देणार की नाही, हे लिहून घ्यावे.