मशीन नंतर, आधी दार

अंबरनाथ पश्चिमेला बुवापाड्यात संध्याकाळचं पाणी भरून झालं की ओट्यावर खुर्च्या निघतात. एका खुर्चीत विमकोच्या काडेपेटी कारखान्यातून रिटायर झालेले काका. समोरच्या पायरीवर ताई, नुकत्याच ड्युटीवरून आलेल्या, पायातली चप्पलही अजून न काढलेल्या. ताई एका रुग्णालयात एक्स-रे, सीटी, एमआरआय सांभाळतात आणि नवे टेक्निशियन आले की त्यांना तयार करून ड्युटीला लावायचं कामही त्यांच्याचकडे आहे. काकांची नात सोमवारी तिथेच रुजू होणार होती. मी चहाच्या निमित्ताने बसलो होतो.

काका : पोरीचा डिप्लोमा झाला, मार्कंही बरी पडली. तरी म्हणे पहिले काही आठवडे एकटीला सोडणार नाही. मग कॉलेजात काय केलं इतकी वर्षं?

ताई : कॉलेजात मशीन शिकली, काका. आता दवाखाना शिकायचाय. बटण कुणालाही दाबता येतं. आमच्याकडे एका सकाळी पाटील आडनावाचे तीन पेशंट येतात, त्यांतल्या दोघांचा गुडघाच काढायचा असतो. नुसतं नाव पुकारलं की तिघंही उठतात. म्हणून नाव पेशंटकडूनच वदवून घ्यायचं, केसपेपरचा नंबर जुळवायचा, डावा-उजवा मार्कर आधी लावायचा. कंटाळवाणं काम आहे. पण चूक होते ती इथेच, मशीनमध्ये नाही.

काका : आणि तो बिल्ला? नात म्हणाली, बिल्ल्याचा नंबर मागितलाय.

ताई : टीएलडी बॅज. आपल्याकडे किरणांत काम करणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचा एक नंबर असतो, नोकरी बदलली तरी तोच. बँकेच्या खात्यासारखं समजा. आजवर अंगावर किती किरणं पडली ते त्या खात्यावर चढत जातं. इंटर्नशिपमध्ये तिला बॅज मिळाला असेल तर तो नंबर मला पहिल्या दिवशी हवा. नाहीतर खातं नव्याने उघडतं आणि आधीचा हिशोब तुटतो.

काका : बिल्ल्याला कळतं कसं?

ताई : आत एक कार्ड असतं, त्यावर तीन छोट्या चकत्या. किरण पडले की चकती ते धरून ठेवते. तीन महिन्यांनी बॅज लॅबमध्ये जातो. तिथे चकती तापवली की ती उजेड टाकते. जितका उजेड, तितकी किरणं.

काका : म्हणजे बिल्ला वाचवत नाही, नुसता हिशोब ठेवतो.

ताई : बरोब्बर! हे नव्या पोरांना सांगायला मला अर्धा तास लागतो. बॅज लावला म्हणजे चिलखत घातलं असं वाटतं त्यांना. वाचवतं शिशाचं एप्रन, भिंत आणि अंतर. बॅज एप्रनच्या आत, छातीवर लावायचा. मागे मी दुसरीकडे होते तेव्हाची गोष्ट. एका नव्या मुलाने घरी जाताना बॅज तसाच एप्रनला अडकवून ठेवला आणि एप्रन टांगलं एक्स-रेच्या खोलीतच. पोरगा घरी झोपलेला आणि बॅज रात्रंदिवस किरणं खातोय. तीन महिन्यांनी आकडा आला तो बघून सगळ्यांचे चेहरे उतरले. चौकशीचं पत्र, खुलासा, त्याच्या आईचे फोन. बॅज काढून ठेवायची जागा त्याला कुणी दाखवलीच नव्हती, एवढाच त्याचा गुन्हा.

काका : किती चालतात अंगावर?

ताई : अणुऊर्जा नियामक मंडळाने कामगारासाठी मर्यादा घातलीय. 5 वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. बाहेरच्या माणसासाठी वर्षाला 1. नीट काम करणारी एक्स-रेवाली मुलगी 20 च्या जवळपाससुद्धा जात नाही. आणि दिवस राहिले तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं. पोटातल्या बाळाला बाहेरच्या माणसाचाच हिशोब लागू. हे मी मुलींना एकेकीला बाजूला घेऊन सांगते, सगळ्यांसमोर नाही.

(काका इथे जरा गप्प झाले. नातीचं लग्न दिवाळीनंतर आहे.)

काका : मग तुला भीती कशाची वाटते? आकडे तर लहानच दिसतात.

ताई : लाजण्याची. हसू नका. वॉर्डात पोर्टेबल मशीन नेतो ना, तिथे बटण दाबण्याआधी मोठ्याने ओरडायचं असतं, ‘एक्स-रे!’ सगळे बाजूला होतात. एक मीटरवरचा माणूस दोन मीटरवर गेला तरी त्याच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो. नवी मुलगी ओरडतच नाही. मोठे डॉक्टर उभे असतात, सिस्टर रागीट असते, ही आपली कुजबुजते. म्हणून पहिल्या आठवड्यात मी रिकाम्या वॉर्डात त्यांच्याकडून ओरडून घेते. वॉचमन वेड्यात काढतो.

काका : आमच्या विमकोत तेच होतं. काडेपेटीचा कारखाना, पण खिशात काडेपेटी घेऊन आत जायची सोय नाही. गेटवर झडती. साहेब आला तरी झडती.

ताई : साहेबाची झडती घेणारा वॉचमन किती दिवसांत तयार झाला?

काका : त्याला पहिल्या दिवशी वरून सांगितलं होतं, साहेबाला अडवलंस तर नोकरी जाणार नाही.

ताई : हेच, काका! हेच मी आमच्या वरच्यांकडून लिहून घेतलंय. एमआरआयच्या दारात टेक्निशियनने थांबवलं तर कुणीही असो, थांबायचं. 2018 च्या जानेवारीत नायर रुग्णालयात काय झालं आठवतंय? पेशंटचा नातेवाईक, 32 वर्षांचा तरुण, ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेला. चुंबकाने सिलिंडरसकट ओढलं. मशीन बंद आहे असं आम्हाला सांगितलं होतं, हे घरच्यांचं म्हणणं.

काका : बंद असतं तर कसं ओढलं असतं?

ताई : एमआरआय बंद होतच नाही. फोटो काढत नसला तरी चुंबक चालूच, रात्री, रविवारी, दिवाळीत. दीड टेस्लाचं चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकाच्या सुमारे 30 हजार पट. ते उतरवायचं तर क्वेंचचं बटण असतं, त्याने आतला द्रव हीलियम वाफ होऊन पाइपातून बाहेर उडतो. ते माणूस अडकला तरच. चिकटलेल्या स्टुलासाठी नाही.

काका : म्हणजे झाडूवालीलाही हे शिकवायला हवं.

ताई : तिलाच आधी! प्रशिक्षण म्हटलं की सगळे टेक्निशियनची यादी देतात. मी मागते वॉर्डबॉयची, सफाईवाल्या मावशींची, रात्रीच्या वॉचमनची, एसी दुरुस्तीवाल्याचीसुद्धा. टेक्निशियन पळत जाऊन फिल्म आणतो त्या दोन मिनिटांत दारात तेच असतात. एजन्सीची माणसं दर थोड्या महिन्यांनी बदलतात, मग माझी वही पुन्हा पहिल्या पानावर.

काका : काय असतं वहीत?

ताई : प्रत्येकाचं एक पान. छातीचा एक्स-रे, पोर्टेबल, सीटीतलं डायचं इंजेक्शन, रिअ‍ॅक्शन आली तर काय. आधी बघितलं, मग माझ्यासमोर केलं, मग एकट्याने केलं. तीनही रकान्यांत तारीख आणि सही. सगळ्यात शेवटी एकच ओळ, ‘रात्री एकटी चालेल’. त्या ओळीवरून भांडणं होतात. माणसं कमी, म्हणून चौथ्याच दिवशी फोन येतो, टाका तिला नाइटला. मी सही करत नाही.

काका : आणि सोनोग्राफी?

ताई : ती डॉक्टर करतात. पण रिसेप्शनच्या मुलीलाही कायदा माहीत हवा. गर्भलिंग तपासणीविरुद्ध पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राने केला, 1988 साली. देशाचा आला 1994 ला. दर गरोदर बाईचा एफ फॉर्म पूर्ण भरलेला हवा. एक रकाना कोरा राहिला तर ‘घाईत राहिलं’ हे उत्तर चालत नाही.

काका : इकडची माणसं तरी एका भाषेची आहेत का! उल्हासनगरची सिंधी आजी आली तर?

ताई : म्हणून ‘श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा’ एवढं सिंधीत, हिंदीत पाठ करायला लावते. आजीला कळलं नाही आणि श्वास सुटला की फोटो हलतो, पुन्हा काढावा लागतो. म्हणजे आजीला दुप्पट किरणं.

चहाचे कप उचलायला काकू बाहेर आल्या. काकांचं अजून संपलं नव्हतं.

काका : मग सोमवारी पोरीने काय आणायचं?

ताई : बॅजचा नंबर, डबा. केसांत लोखंडी पिना नकोत. साडेसातला हजर.

काका : आणि पहिल्या दिवशी कुठलं मशीन देणार?

ताई : कुठलंच नाही. एमआरआयच्या बाहेर स्टूल ठेवलंय, लाकडी. त्यावर बसायचं आणि न विचारता आत शिरायला कोण कोण बघतं ते लिहून काढायचं. गेल्या वेळच्या मुलाने दुपारपर्यंत अकरा जण लिहिले होते. त्यांतली एक मी होते.