इंधनाचं माप हवेच्या हाती

हँगरमध्ये सेस्ना कॅराव्हॅनचं काउलिंग उघडलेलं होतं. आत प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं पीटी६ए-११४ए टर्बोप्रॉप इंजिन. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाचीने एका बारीक नळीवर बोट ठेवलं.

"मामा, ही इंधनाची ना?"

"हवेची. कॉम्प्रेसरमधून दाबून बाहेर पडणारी हवा, आमच्या भाषेत पी-थ्री. फिल्टरमधून ती फ्युएल कंट्रोल युनिटकडे जाते. इंधन किती सोडायचं, ते तिच्यावर ठरतं."

"ते तर पायलट ठरवतो!"

"पायलट फक्त वेग मागतो. या इंजिनात कॉम्प्रेसरचा शंभर टक्के वेग म्हणजे मिनिटाला ३७,५०० फेऱ्या. तिथवर पोचायला त्याला थोडा वेळ लागतोच. तोवर मागितलेलं सगळं इंधन ओतलं तर हवा अपुरी पडेल. टर्बाइन होरपळेल, नाहीतर कॉम्प्रेसर सर्ज होईल."

मामांनी शिकवण्यासाठी कापून ठेवलेलं जुनं युनिट पुढे ओढलं. आत घड्याघड्यांचे धातूचे दोन बेलोज एकाच दांड्याला जोडलेले होते. त्यातला एक निर्वात असतो, त्यामुळे दाबाचं माप बाहेरच्या हवामानावर हेलकावत नाही.

"पी-थ्री वाढला की दांडा सरकतो आणि मीटरिंग व्हॉल्व्ह उघडतो. हवा वाढेल तसं इंधन, आधी नाही. मागितलेला वेग आला की फिरती फ्लायवेट्स एक बारीकसं तोंड उघडून थोडी हवा सोडून देतात. दाब उतरतो, व्हॉल्व्ह मिटू लागतो."

"आणि उंचावर?"

"हवा विरळ, पी-थ्री कमी, म्हणून इंधनही कमी. पिस्टन इंजिनासारखं मिक्श्चर हाताने जुळवत बसायला नको."

"नळीच तडकली तर?"

"मग युनिटच्या लेखी हवाच नाही! इंधन किमान पातळीवर उतरतं. समुद्रसपाटीला कॉम्प्रेसर ४८ टक्क्यांच्या आसपास येतो. इंजिन चालू असतं, पण ताकद गेलेली."

त्यासाठी कॉकपिटमध्ये इमर्जन्सी पॉवर लीव्हर असतो. तो हवेला वगळून थेट मीटरिंग व्हॉल्व्ह हलवतो. त्याला तांब्याची बारीक तार बांधलेली असते. ती तुटलेली दिसली की तो वापरला गेल्याचं मेकॅनिकला कळतं.

"मग कायम तोच का नाही वापरत?"

"त्यात बेलोजचा लगाम नसतो. घाईने ढकललास तर तापमान ८०५ अंश सेल्सिअसची मर्यादा ओलांडेल. तिथे काट्यावर नजर ठेवून, सावकाश इंधन वाढवायचं काम पायलटलाच करावं लागतं."