आजचा पाठ : दुसऱ्याची वाट



शेजारी नवं बिऱ्हाड आलं की आपण आधी काय विचारतो? आडनाव काय, आणि खातात काय. माणूस कळायच्या आधीच मन निकाल देऊन मोकळं होतं. हाच पूर्वग्रह. मुलं तो आपल्याच तोंडून शिकतात.

तुकोबारायांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. देहूतून निघालेल्या पालखीचा पहिला विसावा असतो अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी. तिथे अभंग-आरती होते, मग पालखी पंढरीच्या वाटेला लागते. दर्ग्यापाशी थांबल्याने कोणाचा विठ्ठल बदलला नाही, कोणाच्या गळ्यातली माळ सुटली नाही. आपली निष्ठा पक्की असेल तर दुसऱ्याच्या श्रद्धेची भीती कशाला? त्याचं सगळं पटायलाच हवं असं नाही. न पटताही मान ठेवता येतो.

या आठवड्याचा अभ्यास :
१. कुठल्याही समाजाची टिंगल करणारा मेसेज पुढे पाठवायचा नाही, घरच्या ग्रुपवरसुद्धा.
२. ज्या शेजाऱ्याशी कधी बोललो नाही, त्याची आपणहून विचारपूस करायची.
३. रात्री नामाला बसताना स्वतःला विचारायचं : आज मी कोणाला न ओळखताच नावं ठेवली?

जय गुरुदेव.