दोन दुकाने एक झाली, माल पुरवणाऱ्याचे काय?



महाडच्या बाजारात दोन कापड दुकाने एक झाली तर गिऱ्हाइकाला फरक लगेच जाणवत नाही. भिवंडी-मालेगावच्या मागवाल्याला मात्र जाणवतो. काल दोन दारे होती, आज एकच. तिथे नकार मिळाला तर माल न्यायचा कुठे? संगणकाच्या तिजारतीतही हेच घडले आहे.

सर्व्हर म्हणजे बँकेत, मोठ्या पेढीत एका वेळी अनेकांचे हिशेब सांभाळणारा संगणक. त्याचे काळीज म्हणजे चिप. डिजिटल कंपनीची अल्फा ही चिप १९९२ मध्ये आली आणि वेगासाठी नावाजली. १९९८ मध्ये कॉम्पॅकने डिजिटल विकत घेतली. जून २००१ मध्ये कॉम्पॅकने अल्फा सोडून इंटेलच्या इटॅनियमकडे जाण्याचे जाहीर केले. मे २००२ मध्ये कॉम्पॅक एचपीत विलीन झाली. एचपीनेही आपली पीए-रिस्क चिप सोडून इटॅनियमचाच रस्ता धरला होता. म्हणजे दोन स्वतंत्र चिपा बाजारातून निघाल्या आणि इंटेलची जागा वाढली. माल चांगला असूनही दार बंद होऊ शकते, हा पहिला धडा.

दुसरी बाजूही पाहू. मोठ्या खरेदीदाराने मनात आणले तर नव्या पुरवठादाराला बाजार मिळतो. एएमडीची ऑप्टेरॉन २००३ मध्ये आली. २००४ मध्ये एचपीने तिच्यावर चालणारे सर्व्हर विकायला घेतले. त्याच वर्षी इंटेललाही आपल्या झिऑन चिपमध्ये तशी ६४ बिटची सोय द्यावी लागली. ज्या इटॅनियमसाठी अल्फा गेली, तिची शेवटची खेप २०२१ मध्ये निघाली.

पुण्याच्या सी-डॅकने परम १०००० सनच्या, परम पद्म आयबीएमच्या आणि २००८ चा परम युवा इंटेलच्या चिपवर उभा केला. पुढे २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलने घेतली, तोवर सी-डॅक दुसऱ्या घराच्या चिपाही वापरू लागली होती.

आम्ही यातून एवढेच घेतो: महाड-पोलादपूरच्या कारागिराने सगळा माल एकाच पेढीला देऊ नये, दुसरे गिऱ्हाईक धरून ठेवावे. दुकानदाराने हिशेबाचा संगणक घेताना किमतीआधी विचारावे, की कंपनी बदलली तर आमची खातेवही दुसऱ्या यंत्रावर नेता येईल का? उत्तर लेखी घ्यावे. रोजीचा दरवाजा एकच असेल तर त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती जाते.